मल्हारीचा खड्डा

इंदिरानगरातल्या त्या सोसायटीत मल्हारी वायरमन रोज सकाळी एक काम करायचा, ज्याचा अर्थ कुणाला लागत नसे. पार्किंगच्या कोपऱ्यात, गाड्या चार्ज करायच्या मशीनमागे, झाकणाचा एक हातभर खड्डा होता. झाकण उचलायचं, बादलीभर पाणी ओतायचं, झाकण लावायचं. बावीस वर्षं हा नेम. एकदा कुणीतरी तिथे जास्वंद वाहिली, ती त्याने मुकाट्याने उचलून कुंडीत टाकली. बुद्धविहारात जाणारा माणूस तो, दगडावर पाणी घालणाऱ्यांतला नव्हे.

मे महिन्यात टँकर सुरू झाले. सेक्रेटरी योगेशराव मनाने वाईट नव्हते, पण समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय त्यांना नव्हती.

"काका, ही अंधश्रद्धा बंद करा. प्यायला पाणी नाही आणि तुम्ही खड्ड्याला अंघोळ घालताय!"

"साहेब, अर्थिंग आहे ते..."

तोवर योगेशराव लिफ्टमध्ये शिरलेसुद्धा. मल्हारीचंही डोकं फिरलं. नको तर नको, म्हणून त्याने बादली उपडी घातली. इथेच त्याचं चुकलं.

तीन आठवड्यांत मशीन बिघडलं. गाडी लावली की लाल दिवा. घरातले पंखे, टीव्ही बिनबोभाट चालू, तेव्हा सगळ्यांनी मशीनच्या वायरिंगवर बोट ठेवलं. ते मल्हारीने केलं होतं. रविवारच्या मीटिंगमध्ये नवा वायरमन ठरणार होता. साठीला आलेल्या माणसाची नोकरी जाणं वाईटच, पण हातच्या कामाला नावं ठेवली जावीत हे त्याला जास्त लागलं.

शनिवारी त्याने अर्थिंग तपासायला फेजची आणि अर्थची वायर यांच्यात दिवा जोडून पाहिला. जेमतेम मिणमिणला. झाकण उचललं, तर आतली माती तडकलेली. अर्थिंग कच्चं असलं तरी पंखा फिरतो. हे मशीन मात्र गाडीला वीजच देत नाही. माणसापेक्षा शहाणं निघालं, असं त्याच्या मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. रुसायचं तर माणसावर रुसावं, कामावर कशाला?

त्याच्या बायकोने, सुलाबाईने, तांदळाचं, भांड्यांचं पाणी दिवसभर साठवलं. "बावीस वर्षं पाजलंत आणि ऐन उन्हाळ्यात तहानेलं ठेवलंत," ती म्हणाली.

रविवारी सकाळी त्याने मीठ टाकून चार बादल्या ओतल्या. लोक खुर्च्या मांडत असताना योगेशरावांच्याच गाडीला वायर लावली. हिरवा दिवा लागला.

"साहेब, वीज गळाली तर ती ओल्या मातीतून जमिनीत जाते. माती कोरडी असली तर गाडीला हात लावणाऱ्याच्या अंगातून जायची."

योगेशरावांनी वळून गाडीकडे पाहिलं. त्यांची धाकटी मुलगी वेदिका त्याच गाडीला टेकून मैत्रिणीची वाट बघत उभी होती. नव्या वायरमनचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

सोमवारी मल्हारी आला तर खड्ड्याचं झाकण उघडं. शेजारी योगेशराव, हातात घरच्या खरकट्या पाण्याची बादली. चपला त्यांनी लांब, भिंतीपाशी काढून ठेवल्या होत्या.

"काका, ओतू का?"

"ओता की," मल्हारी म्हणाला. "पण आधी पायात चपला घाला. देव नाही तो, अर्थिंग आहे."