लाल सुताचे डबे

आमच्या लेकीला शेंगदाणा चालत नाही म्हटलं की लोक हसायचे. "चालत नाही म्हणजे? आवडत नाही होय?" मग मी त्यांना संक्रांतीचा किस्सा ऐकवायची. पोर लहान होती, तिळगुळाचा अर्धा लाडू खाल्ला. त्यात दाण्याचं कूट होतं. बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणून ती हाती लागली. "दाण्याचा कणसुद्धा पोटात जायला नको," असं त्यांनी बजावलं. तेव्हापासून घरातून दाणा हद्दपार झाला. आमचे हे संकष्टीला बिनकुटाची साबुदाण्याची खिचडी तोंड वाकडं करून खायचे, पण खायचे.

मी भिवंडीतल्या शाळेत शिक्षिका. वाचणं हाच माझा धंदा. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. बिस्किटाचा पुडा घेतला की दुकानातच उजेडाकडे धरून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचत उभी राहायची. लिहिणारेही असे बेरकी, की 'खाद्यतेल' एवढंच लिहून मोकळे. अरे, पण कसलं? सरकीचं, की शेंगदाण्याचं? असा पुडा मी तिथल्या तिथे परत करायची. दुकानदार वैतागून म्हणायचा, "मॅडम, बिस्कुट खाना है या इम्तिहान देना है?" मी म्हणायची, दोन्ही.

लेकीलाही मी हीच विद्या दिली. 'ए फॉर ॲपल'च्या आधी तिला पीनट आणि ग्राउंडनट हे दोन शब्द ओळखता यायला लागले. वाचल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही, हा नियम. दुसरीत जाईपर्यंत ती एवढी तरबेज झाली की मला तिचा फार अभिमान वाटायचा.

शेजारी एक वहिनी राहायच्या. माहेर जवळच्याच कोन गावातलं, शेतकरी घरातलं. नवरा कापडाच्या लूमवर कामाला. माझ्या पोरीवर त्यांचा भारी जीव. दिवाळीच्या आधी एकदा शाळेतून आले, तर लेक त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चकली खात होती. आणि चुलीशेजारी तेलाचा मोठा पत्र्याचा डबा. त्यावर शेंगांचं हे एवढं चित्र.

मी तिच्या हातातली चकली हिसकावली. "किती खाल्ल्यास? घशात खाजतंय का? श्वास घे बघू!" पोर भेदरून बघत राहिली. वहिनी म्हणाल्या, "अवो बाई, काय झालं?" मी नुसतं डब्याकडे बोट केलं.

वहिनींनी झाकण उघडलं. आत काठोकाठ तांदूळ.

"तेल कुठं हाय त्यात? रिकामा डबा वाण्याकडून आनला, तांदूळ ठेवायला. चकल्या रेशनच्या पामतेलात तळल्यात. तुमच्या पोरीला दाना चालत न्हाय, ते मला काय ठावं न्हाय?"

मी तिथेच फतकल मारून बसले. हसू येत होतं आणि डोळेही गळत होते. माझ्या स्वतःच्या घरी बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा होता आणि बाळाच्या दुधाच्या डब्यात रवा. डबा रिकामा झाला म्हणून फेकून देणारी बाई आमच्या चाळीत जन्मली नव्हती. वहिनींनी चहा ठेवला आणि मी पदरानं तोंड पुसलं.

तेवढ्यात पाठीमागून लेकीचा खणखणीत आवाज आला. "आई, यात पीनट नाही, ग्राउंडनट पण नाही. हे चालतं!"

फळीवरची चॉकलेट पावडरची बाटली तिनं काढली होती. लेबल नीट वाचलं होतं, अगदी मी शिकवलं तसं. आता झाकण फिरवत होती.

"अगो, थांब!" वहिनी ओरडल्या. "कूट हाय त्यात!"

बाटली मी काढून घेतली. झाकण अजून निघालं नव्हतं. तरी आधी तिचे हात साबणानं धुतले आणि मग तिला पोटाशी धरलं. पोरीनं काहीच चुकवलं नव्हतं. लेबलही खोटं नव्हतं. ते फक्त आधीच्या मालाचं होतं.

दाराशी लूमवरून आणलेल्या वाया गेलेल्या सुताचा गुंता पडला होता, पुसायला म्हणून. त्यातलं लाल सूत ओढून मी बाटलीच्या गळ्याला बांधलं. ज्यात दाणा, त्याला लाल सूत. वहिनींनी लगेच उरलेले डबे पुढे ओढले.

"आणि काकी बांधायला विसरली तर?" लेकीनं विचारलं.

"तर विचारायचं," मी म्हटलं. "सूत असो नसो, लेबल असो नसो, आत काय आहे ते ज्यानं भरलं त्याला विचारायचं. आणि त्यालाच नक्की ठाऊक नसेल, तर खायचं नाही."

पुढे संक्रांत आली. मी आतल्या खोलीत चहा घेत पेपर तपासत होते. दारात वहिनींचा आवाज आला आणि सवयीनं मी अर्धी उठलेच.

"काकी, आत काय आहे?" लेक विचारत होती. "दाणे त्याच कढईत भाजले का?"

"न्हाय गो बाय. निस्ता तीळ नि गूळ. तुझे लाडू आधी केले, कढई घासून. दाने मंग भाजले. तुझा डबा येगळा."

मी पुन्हा खाली बसले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला बाहेर जाऊन बघावंसं वाटलं नाही. बाहेर माझी पोर तिळगुळाचा लाडू कडाकडा खात होती, आणि माझा चहा अजून गरम होता.