सगुणानं घातलेलं गाऱ्हाणं

सगुणाच्या तोंडी लागू नये, असं पालीकडच्या वाड्यांत म्हणतात, आणि ते खोटं नाही. चार वर्षं ती एका रसायनांच्या कारखान्यात पिवळी पावडर पिशव्यांत भरत होती. कंपनीचे हातमोजे मनगटाशी संपायचे आणि बाही कोपराशी. मधल्या उघड्या कातडीला आधी खाज सुटली, मग फोड आले, मग भेगा पडल्या. भाकरीची उकड मळताना डोळ्यांतून पाणी यायचं.

कारखान्याच्या डॉक्टरांनी लांबूनच हात पाहिले आणि कार्डावर लिहिलं: खरूज, कारण घरातली अस्वच्छता. पंधरा दिवस घरी बसा. सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या सारवलेल्या पडवीत सांडलेला भात कुणीही उचलून खावा, आणि हा बाबा अस्वच्छता म्हणतो!

गावानं वेगळंच निदान केलं. वाडीचे मानकरी सदूतात्या म्हणाले, "देवीचा कायतरी ऱ्हायलाय तुज्याकडना. नारळ ठेव, मी गाऱ्हाणं घालतो." सगुणानं मुकाट्यानं नारळ ठेवला, माफी मागितली. सदूतात्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला वाडीनं रीतीप्रमाणे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ दिली. पंधरा दिवसांत हात सुधारले. देवी पावली, असं वाडी म्हणाली, तीही म्हणाली. मग ती कामावर गेली आणि आठव्या दिवशी हात पुन्हा फुटले.

डॉक्टरांनी पुन्हा खरूजच लिहिली. वर बजावलं, की आता कायमचंच घरी बसावं लागेल. आजार कामामुळे झालाय असं लिहून मिळालं तरच कंपनी उपचार करणार होती आणि कामावर ठेवणार होती.

त्या संध्याकाळी कंपनीच्या गाडीत सगुणानं चार गावांतल्या सगळ्या बायकांना बाह्या वर करायला लावल्या. बाया लाजत होत्या. प्रत्येकीनं खरूज म्हणून हात झाकले होते. अकरा जणींच्या हातांवर, मनगट ते कोपर, तेच फोड.

"काय गो," सगुणा म्हणाली, "चार गावच्या चार देवी एकाच जाग्यावर कोपल्या? नि सुट्टी लागली की पावतात?"

दुसऱ्या दिवशी त्या साऱ्या जणी कारखान्यातल्या दवाखान्याच्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या. गाऱ्हाणं घालायचा मान पुरुषांचा, तोही मानकऱ्यांचा. सगुणानं तो कुणाला न विचारता घेतला. पदर खोचला आणि देवळात लागतो तसा आवाज लावला.

"बा डॉक्टर म्हाराजा! आमी तुजी लेकरा पावडर भरतो!"

"व्हय म्हाराजा!" बायका ओरडल्या.

"आमच्या हाताक फोड येतत, नि तू ता आमच्या घरावर ढकलतोस!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी गेटवरचा रखवालदारही सवयीनं ओरडला आणि त्यानं जीभ चावली.

"आता खरा काय ता लिव, न्हायतर हयसून आमी हलत न्हाय!"

"व्हय म्हाराजा!"

पाळी बदलायची वेळ झाली होती. बघायला सगळा कारखाना जमला. डॉक्टर बाहेर आले, चिडले, आत गेले, आणि शेवटी त्यांनी खिडकीशी एकेकीचा हात उजेडात धरून पाहिला. मग सगुणाच्या कार्डावर नव्यानं लिहिलं. त्यांच्यातल्या बारावी झालेल्या तेजस्वीनं मोठ्यानं वाचलं: "कामावरच्या रसायनामुळे त्वचारोग झाल्याची शक्यता."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी सगुणाला मिठी मारली. सगुणानं ती सोडवली आणि कार्ड खिडकीतून परत आत सरकवलं.

"खरूज लिवताना शक्यता लिवली नव्हती," ती म्हणाली. "ती खोडा."