बाबांच्या फोटोचा निकाल

आमच्या बोळिंजच्या घरात दक्षिणेच्या भिंतीवर एक खिळा होता आणि तो बाबांनी जिवंतपणी, स्वतःच्या देखरेखीखाली, स्वतःसाठी ठोकून घेतला होता. डॉक्टरांनी पोटातल्या आजाराचं नाव सांगितलं, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. सुतार आला. बाबांनी खुर्चीत बसून जागा ठरवली, "अजून जरा वर घे, येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोकं आपटेल मला," असं म्हणाले आणि त्याला चहा पाजून पाठवलं. संध्याकाळी आईने त्या खिळ्याला कॅलेंडर अडकवलं. बाबांनी ते काढून टेबलावर ठेवलं. आईने परत अडकवलं. हा खेळ पुढे कित्येक दिवस चालला.

बाबांना एवढी घाई का, हे समजायला आजोबांचा फोटो पाहायला हवा होता. आजोबांनी उभ्या आयुष्यात एकटं बसून फोटो काढला नाही. ते गेल्यावर कुठल्याशा लग्नातल्या गर्दीतून त्यांचा चेहरा कापून मोठा केला गेला. रंगवणाऱ्याने वर कोट चढवला, टाय बांधला, पण डाव्या खांद्यावरची चार बोटं पुसायची विसरला. ती कुणाची होती हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "पन्नास वर्षं पितृपक्षात मी त्या परक्या माणसाच्या बोटांना फुलं वाहतोय," बाबा म्हणायचे. "माझ्या बाबतीत हे चालणार नाही. माझा फोटो मी बघून, पसंत करून जाणार."

स्टुडिओत ते जाऊन आले होते. तिथल्या माणसाने मागे निळं आकाश घातलं, गालावरचा मस उडवला आणि बाबांना तीन छटा गोरं केलं. बाबांनी फोटो परत केला. "यमदूताला ओळख पटायला नको का," त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्याकडे ते मशीन आहे ना? तू काढ."

मशीन म्हणजे डिजिटल कॅमेरा. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती आणि बायकोच्या भावाने आखातातून तो आणला होता. मी तोवर त्याच्यावर सोसायटीतली जास्वंद, गच्चीवरचे कावळे आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचे सूर्यास्त एवढंच टिपलं होतं. सगळे सूर्यास्त वाकडे. मात्र माझ्यात नम्रता होती. फोटो शिकणाऱ्यांचं एक इंग्रजी संकेतस्थळ मी शोधून काढलं होतं. आपण फोटो चढवायचा, जगभरचे लोक तो बघून चुका सांगणार. विरार स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून मी फोटो चढवायचो. एक फोटो चढेपर्यंत बाहेर जाऊन वडापाव खाऊन येता यायचं. मध्येच वीज गेली तर परत पहिल्यापासून.

पहिला फोटो मी हॉलमध्ये काढला. बाबा भिंतीला पाठ लावून ताठ, हात मांड्यांवर, मागे फ्रिज. फ्लॅश पडला तेव्हा ते दचकले, तरी जागचे हलले नाहीत. मी तो संकेतस्थळावर टाकला, खाली लिहिलं की मी नवशिका आहे, हे माझे वडील, हा फोटो घरात लावायचा आहे, कृपया मार्गदर्शन करा. कुठल्या प्रसंगी लावायचा आहे ते लिहिलं नाही.

उत्तरं छापून घरी आणली आणि बाबांना मराठीत वाचून दाखवली.

"एक जण म्हणतो, फ्लॅशने चेहरा सपाट झालाय. दुसरा म्हणतो, फ्रिज कशाला? आणि हा एक आहे, नावाच्या जागी घुबडाचं चित्र लावतो. तो म्हणतो, पोलीस चौकीत काढल्यासारखा दिसतोय."

बाबा मनापासून हसले. पस्तीसेक वर्षं वसईच्या कोर्टात कारकुनी केलेला माणूस, असले फोटो त्यांनी टाचणीने फायलींना लावले होते. "बरोबर आहे घुबडसाहेबांचं," ते म्हणाले. "कोणत्या कलमाखाली धरलंय मला, तेवढं विचार." मग जरा विचार करून म्हणाले, "पण बघ, नाव नाही, गाव नाही, आणि निकाल देतात. आमच्या वेळी असं नव्हतं. पुढची तारीख कधीची घेऊ या?"

तेव्हापासून आमच्या घरात फोटो काढण्याला तारीख म्हणायला लागले आणि उत्तरांना निकाल.

दुसरी तारीख उपचारांच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये पडली. संकेतस्थळाच्या सल्ल्यानुसार मी बाबांना बाल्कनीच्या दारात बसवलं. उजेड एका बाजूने, फ्लॅश बंद, आणि माणूस चौकटीच्या मधोमध न ठेवता एका कडेला. तसा त्या लोकांचा नियमच होता. फोटो मला फार आवडला. बाबांनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिला आणि चष्मा काढला.

"अर्धा चेहरा काळा. म्हणजे अर्धाच गेलोय का मी?"

"तशी पद्धत आहे, बाबा."

"आणि कडेला का? मी काय आरोपी आहे पिंजऱ्यात उभा राहायला? हार घालशील तो कुणाच्या गळ्यात पडेल? भिंतीच्या."

हाराचा विचार संकेतस्थळाने केलाच नव्हता. तिथे सगळे फोटो बघण्यासाठी काढत होते. हार घालण्यासाठी काढणारा बहुधा मी एकटाच. तरी तिथे कौतुक झालं. घुबडसाहेबांनी लिहिलं की प्रगती आहे, पण डोळ्यांत उजेडाचा ठिपका नाही, त्यामुळे डोळे मेलेले वाटतात. हे वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं नाही. फक्त ठिपक्याचं सांगितलं. पुढे बाबा आरशात बघून तो ठिपका शोधायचे.

मग पावसाळा गेला आणि बाबाही जायला लागले. आधी मनगटं गेली, मग गाल. जेवणाच्या वासाने त्यांना मळमळायचं, म्हणून आई शेजारणीकडे जाऊन फोडणी करून आणायची. ते दिवसाचा बराच वेळ खिडकीशी टाकलेल्या गादीवर पडून असायचे. अशाच एका दुपारी उन्हाची तिरीप त्यांच्या चेहऱ्यावर आली. तोंड जरासं उघडं, नजर बाहेर कुठेतरी, आणि गालांच्या हाडांखाली सावल्यांचे खड्डे. मी तिथेच होतो, कॅमेरा कपाटावर होता. त्यांना कळायच्या आत मी फोटो घेतला.

आतापर्यंत एवढं शिकलो होतो की हा फोटो चांगला आलाय, हे मला संकेतस्थळाला विचारावं लागलं नाही. तरी टाकला. आणि तिथे जत्रा भरली. नवशिक्यांच्या फोटोला पाच-सात उत्तरं यायची, याला पानं भरून आली. त्या आठवड्याचा सर्वोत्तम फोटो म्हणून तो पहिल्या पानावर चढला. कॅनडातल्या एका बाईंनी लिहिलं, काय हा चेहरा, एकेका सुरकुतीत गोष्ट आहे. घुबडसाहेबांनी फक्त दोन शब्द लिहिले: हाच फोटो.

मी स्टेशनपासून घरापर्यंत चालत आलो ते जवळजवळ नाचत. बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. कॅनडातल्या बाईंचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "बघू तरी."

मी छापून आणलेला कागद त्यांच्या हातात दिला. बराच वेळ ते बघत होते. आई दारात येऊन उभी राहिली.

"हा कोण?" बाबांनी विचारलं.



"पहिल्या फोटोत मी होतो," ते हळू म्हणाले. "पोलीस चौकीतला का होईना, मीच. तो नाही आवडला तुझ्या लोकांना. आजार आवडला." कागद त्यांनी मला परत दिला, दुमडून. "वाईट नाहीत रे ती माणसं. त्यांच्यापुढे जो पुरावा आला त्यावर निकाल दिला. पण हा भिंतीवर लागला तर माझी नात मला घाबरेल. काढून टाक तिथून."

मी काढला. पहिल्या पानावर रिकामा चौकोन राहिला आणि खाली लोक विचारत राहिले, का काढला, का काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न्हाव्याला घरी बोलावलं. दाढी झाली, मिशी कातरली, मसावरचा केस तेवढा ठेवायला सांगितला. निवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेला कोट बाहेर निघाला. त्यात आता दोन बाबा मावले असते. आईने पाठीमागून कापड गोळा करून दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे लावले. समोरून बघावं तर शिंप्याने कालच माप घेतलेलं. मागून बघावं तर पाठीच्या कण्यावरून रंगीबेरंगी चिमट्यांची रांग उतरलेली.

"नाटकात असंच असतं," मी म्हणालो.

"मग पडदा लवकर वर कर," बाबा म्हणाले. "श्वास पुरत नाही."

आम्ही त्यांना खुर्चीसकट गच्चीवर नेलं. शेजाऱ्याने एक बाजू धरली, मी दुसरी. पाण्याच्या टाकीची पांढरी भिंत मागे, ऊन उतरलेलं, खाली बोळिंजच्या नव्या इमारतींचे बांबू. शिकलेलं सगळं मी वापरलं. फक्त बाबांना मधोमध बसवलं आणि कॅमेऱ्यात बघू दिलं. ते सरळ बघत होते, कोर्टात न्यायाधीश येऊन बसल्यावर बघायचे तसे.

"ठिपका आला का डोळ्यात?"

"आला."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग पाठव. आणि हा नामंजूर झाला तरी अपील करायचं नाही."

मी पाठवला. उत्तर आलं नाही. आधीच्या फोटोची जत्रा बघून आलेले लोक हा साधा, मधोमध बसलेला म्हातारा बघून पुढे जात असावेत. दोन दिवसांत तो दुसऱ्या पानावर सरकला, मग पार मागे. बाबा रोज विचारायचे, मी कॅफेतून आलो की चप्पल काढायच्या आत.

"निकाल?"

"राखून ठेवलाय."

हे उत्तर त्यांना मनापासून पटायचं. "अवघड प्रकरणात ठेवतात," ते आईला समजावून सांगायचे. "अभ्यास करत असतील." नंतर नंतर त्यांना विचारायला आवाज राहिला नाही, नुसत्या भुवया वर करायचे. मी मान हलवायचो. शेवटच्या दिवशी भुवयाही उचलल्या नाहीत, तरी मी आल्या-आल्या सांगितलं, राखून ठेवलाय म्हणून.

गच्चीवरचा फोटोच फ्रेम करून आणला. कॅलेंडर आईने आपणहून काढून दिलं.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी मी कॅफेत गेलो. त्या फोटोखाली एक उत्तर आलं होतं, एकच. घुबडसाहेबांचं. उजेड छान पकडलाय, डोळे जिवंत आहेत, माणूस कळतो. पुढच्या वेळी त्यांना हनुवटी जराशी वर करायला सांगा.

घरी आलो तर आई तांदूळ निवडत होती. माझ्या त्या लोकांबद्दल तिने कधी चौकशी केली नव्हती. त्या दिवशी केली.

"काय म्हणतात?"

"चांगला आलाय म्हणतात. हनुवटी जरा वर हवी होती."

तिने फोटोकडे पाहिलं. हातातलं सूप तसंच राहिलं.

"मान वर होत नव्हती त्यांची," ती म्हणाली. "गादीवरून उठवताना मी मानेखाली हात घालायचे. त्या दिवशी गच्चीवर ती तेवढी धरून बसले, हेच खूप. तुला सांगू देत नव्हते. म्हणाले, त्याला कळलं तर तो काढायचाच नाही." मग तांदळात बोटं फिरवत म्हणाली, "तुझ्या त्या लोकांना कळव. नाहीतर त्यांना वाटेल, माणसाला नीट बसायचं कळत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत जाऊन ते लिहिलं. आईने एवढं सांगितलं होतं, ते इंग्रजीत एका लहानशा ओळीत मावलं. बाबा आता नाहीत हेही लिहावं का, हे ठरवत मी पडद्यासमोर बसून राहिलो. मग तेवढीच ओळ पाठवली.