डार्करूममधला कॉम्प्युटर

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि फोटोवाले निगेटिव्हच्या पट्टीवर रबरी पिचकारीनं हवा मारत होते. पट्टी कडेनं धरायची, दिव्याकडे तिरकी करायची, कण दिसला की पिचकारी दाबायची. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. धूळ गेली की पट्टी चौकटीत बसवून स्कॅनरचं झाकण टाकायचं आणि थांबायचं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक शिंपी वरून खाली उतरू लागला. आधी दुकानाची पाटी आली, मग टोपी, मग चष्मा. हनुवटीखाली आला आणि पडदा काळा झाला. कॉम्प्युटर बंद.

"गेला?" बाहेरून बायकोनं विचारलं.

"गेला."

"कुठवर आला होता?"

"गळ्यापर्यंत."

"माझ्याही तिथंच आलाय तो आता."

हे दीड महिना चाललं होतं. बंद पडल्यावर लगेच चालू केला, तर आणखी लवकर मान टाकायचा. तासभर तसाच सोडला तर शहाण्यासारखा चालायचा आणि पुन्हा चार-पाच पट्ट्यांनंतर बसायचा.

फोटोवाल्यांचा स्टुडिओ रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत फोटो काढायचे, मागच्या डार्करूममध्ये धुवायचे, वर राहायचं. आसपासच्या दोन पिढ्यांनी आयुष्यातला पहिला ओळखपत्राचा फोटो त्यांच्या फिरत्या स्टुलावर बसून काढला. "हनुवटी खाली. अजून. आता परीक्षेचा निकाल लागल्यासारखं बघू नका," हे वाक्य शाळेच्या कवितेसारखं अनेकांना पाठ आहे.

गिऱ्हाईक नसलेल्या सकाळी ते कॅमेरा घेऊन बाहेर पडत आणि दुकान उघडणाऱ्या एकेकाला त्याच्या दारात उभं करत. शिंपी, कुलूपवाला, घड्याळवाला, छत्र्या दुरुस्त करणारी म्हातारी. कुणी सांगितलेलं नव्हतं. 'निवांत झालो की छापू' म्हणून निगेटिव्ह पाकिटांत घालून लोखंडी कपाटात ठेवल्या. पुढे रस्ता रुंद झाला आणि ती सगळी ओळ गेली. माणसंही एकेक करून गेली. त्यांची मुलं आता येऊन विचारतात, "बाबांचा दुकानासमोरचा एखादा आहे का हो?" घरी त्यांच्याकडे असतो तो आजारपणातला तरी असतो, नाहीतर गर्दीतला.

दोन वर्षांपूर्वी फोटोवाल्यांनी कपाट उघडलं आणि व्हिनेगरसारखा आंबट वास आला. त्यांना तो वास कळतो. जुनी फिल्म नासायला लागली की आंबते, आकसते, कडेनं वळते. शेजारच्या पाकिटांनाही ते लागतं. वेग कमी करता येतो, थांबवता येत नाही. वाकडी पट्टी स्कॅनरवर सपाट बसत नाही आणि वरचा थर सुरकुतला की माणूस पुसला गेला. म्हणून त्यांनी कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला, डार्करूममध्ये मांडला आणि रोज सकाळी बसू लागले. फिल्म आधी संपते की काम, एवढीच शर्यत होती. त्यात आता कॉम्प्युटरनं खोडा घातला होता.

दूरच्या शहरात कॉम्प्युटरचीच नोकरी करणाऱ्या मुलीनं फोनवर विचारलं होतं, "बाबा, गरम होतोय का तो?" फोटोवाल्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला समोरून तळहात लावला. प्लास्टिक गार होतं. "नाही गं, ताप नाही," ते म्हणाले आणि तो विषय तिथंच मिटला.

दोन चौक पलीकडे दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी पॉवर सप्लाय बदलून पाहिला. मग रॅमच्या पट्ट्या बदलल्या, आतला पंखा साफ केला, सगळी सिस्टिम नव्यानं टाकली. स्कॅनर जोडून दुकानात आठवडाभर चालवला. एकदाही बंद पडला नाही. काल संध्याकाळी तो घरी आला आणि आज सकाळी शिंपी गळ्यापर्यंत येऊन अडकला. फोन गेल्यावर बाई स्वतःच आल्या.

"डॉक्टर घरी आले म्हणजे पेशंटचं काही खरं नाही," काकू, म्हणजे फोटोवाल्यांची बायको, म्हणाल्या.

"काकू, माझ्याकडे ठणठणीत असतो हो. माहेरी धडधाकट, सासरी आजारी, अशी तऱ्हा आहे त्याची."

"मग सासू कोण आहे ते बघ की," काकूंनी नवऱ्याकडे हनुवटी केली.

तिघं आत गेली. फोटोवाल्यांनी मागं वळून दार लावलं, जाड पडदा ओढला आणि पडद्याची खालची कड पायानं उंबऱ्याशी सरकवली. हे सगळं बोलता बोलता झालं.

खोली लांबट आणि अरुंद. कोपऱ्यात मोरी, डोक्यावर तार आणि तिला अजून लटकणारे चिमटे, भिंतीवर औषधांचे तपकिरी ओघळ. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या भोकावर फळी ठोकलेली. फोटो धुणं थांबल्यावर औषधांचा वास राहिला नाही आणि पंखा नुसता धूळ आणू लागला, म्हणून दोनेक महिन्यांपूर्वी त्यांनीच ती ठोकली होती. कॉम्प्युटरचं कॅबिनेट ओट्याखालच्या कप्प्यात, पाठ भिंतीला लावून ठेवलेलं. तिथंच प्लग होता.

बाईंनी शिंपी पुन्हा लावला आणि स्टुलावर बसून राहिल्या. काही वेळानं त्यांनी रुमाल काढून मान पुसली. मग ओढलेल्या जाड पडद्याकडं बघितलं, लावलेल्या दाराकडं बघितलं.

"काका, दार का लावलंत?"

"दार?" ते कुणी लावलं याचा फोटोवाल्यांना क्षणभर पत्ता लागेना. "धूळ येते ना."

"स्कॅनरला अंधार लागत नाही."

"ते कळतं गं मला. धुळीसाठी लावतो."

बाई खाली वाकल्या आणि कॅबिनेटच्या मागं हात घातला. लगेच काढून घेतला. "इकडे या. इथं हात लावा."

फोटोवाल्यांनी हात लावला. "अरे बाप रे."

"हा ताप. मुलीनं विचारलं होतं ना तुमच्या?"

"मी समोरून बघितलं होतं."

"ताप कपाळाला बघतात, काका. तुम्ही बुटाला हात लावलात."

मग त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. यंत्र मागून गरम हवा टाकतं. कप्प्यात ती हवा कोंडते, खोलीतून बाहेर जायला वाट नाही, म्हणून तीच पुन्हा आत ओढली जाते. एका मर्यादेपलीकडे गेलं की ते जळू नये म्हणून स्वतःच बंद होतं. दुकानात टेबलावर, उघड्या दारासमोर, ही वेळच यायची नाही. कॅबिनेट ओट्यावर घ्या आणि दार उघडं ठेवा.

"दारातून रस्त्याची धूळ येईल. फिल्मवर बसली की ओरखडे."

"मग खिडकी उघडा."

"इथं खिडकी नाही."

"अहो, असं काय करता?" काकू म्हणाल्या. "लग्नाच्या वर्षी कागद मी धरला होता. तुम्ही चिकटवलात आणि माझा अंगठाही."

खिडकी होती. काळ्या कागदाचे थर, कडांना पट्ट्या, वर आणखी एक पुठ्ठा. मागच्या अंगणाकडं उघडणारी, रस्त्यापासून लांब. काकू पातळ कापड आणायला गेल्या. बाईंनी पुठ्ठ्याला हात घातला तेव्हा फोटोवाले म्हणाले, "थांब, मी करतो." फोटोच्या कडा कापायचं पातं त्यांनी ड्रॉवरमधून काढलं आणि एकेक पट्टी न फाडता सोडवली. फोटो मोठे करून छापायचं यंत्र, एन्लार्जर, विकला तेव्हाही ही खिडकी त्यांनी तशीच ठेवली होती. कधी वाटलं तर एखादा फोटो छापता येईल, एवढंच कारण.

शेवटचा कागद निघाला आणि ऊन थेट आत आलं. दिवा अजून जळतच होता, तो त्यांनी बंद केला. मग भिंतीकडं पाहिलं.

"फारच घाण आहे ही."

"इतकी वर्षं सांगत होते मी," कापड घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या. "तेव्हा म्हणायचात, कुठं आहे?"

कॅबिनेट ओट्यावर आलं, खिडकीला कापड लागलं. पण ऊन नेमकं स्कॅनरवर पडत होतं आणि पडद्यावरचं काही दिसेना. ते सरकेपर्यंत तिघांनी चहा घेतला. "माझ्या शाळेच्या ओळखपत्रात माझे डोळे मिटलेले होते," बाईंनी तेवढ्यात हिशोब काढला. "दोन वर्षं मला झोपाळू म्हणायचे सगळे."

"मिटलेले नव्हते. तू हसत होतीस."

"पुरावा?"

"कपाटात आहे. पण रांगेनं येईल."

ऊन गेल्यावर शिंपी पुन्हा लागला. टोपी, चष्मा, हनुवटी. गळा ओलांडून खांदे आले, मोजमापाची फीत आली, मग हात, मग उंबरा. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. फोटोवाल्यांना हे आठवत नव्हतं. त्यामागून आणखी पट्ट्या झाल्या आणि दुपारी जेवायची हाक आली तेव्हाही कॉम्प्युटर चालूच होता.

त्या खिडकीतून सकाळी साडेअकरापर्यंत ऊन येतं, हे आज कळलं. म्हणून उद्या काम नऊला नाही, साडेअकराला सुरू होईल. पहिलं पाकीट कुलूपवाल्याचं आहे.