दोनदा वाचलेली ओळ

तुम्ही जिवंत आहात, हे तुम्हाला कधी कुणापुढे हात जोडून सिद्ध करावं लागलं आहे का?

माझ्या बापाला करावं लागलं. स्वतःच्या गावात. कोल्हापूर संस्थानात मलकापूरच्या अलीकडचं गाव, कुलकर्ण्याच्या घरापुढचं अंगण. कुलकर्णी सोप्यात बैठकीवर. अब्बा खाली उन्हात. मी आणि अम्मा त्याच्या मागे. अब्बा पायरीपासून चार हात लांब उभा होता. नऊ वर्षांनी परत आला, तरी ते अंतर त्याच्या पायांना बरोबर आठवत होतं.

कुलकर्ण्याने गावच्या नोंदींचं दप्तर सोडलं, पानावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "मयत."

"कोण, अण्णा?"

"तूच की."

"मी तर हितं उभा हाय."

"उभा असशील. दप्तरात न्हाईस."

अंगणाच्या कट्ट्यावर बसलेली माणसं हसली. अब्बाने गोंधळून कमरेची तंबाखूची चंची काढली, तर एकजण म्हणाला, "मेलेल्याला कशाला रं तंबाखू? आण हिकडं."

अब्बाने दिली. हसत दिली. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

आम्ही शिकलगार. सुऱ्या-विळ्यांना धार लावणारे. अब्बा आम्हा दोघींना घेऊन समुद्रापार मोंबासाला गेला होता, रेल्वेच्या कारखान्यात. मी तेव्हा पाच वर्षांची होते. काम संपलं, आम्ही परत आलो. येताना अब्बाने कागद जिवापाड जपले होते. कारखान्याचा दाखला. बोटीचं तिकीट. मुंबईच्या बंदरात प्लेगसाठी अडवून डॉक्टरने काखा तपासल्या, त्याची चिठ्ठी. सगळे एका पत्र्याच्या नळीत. कुलकर्ण्याने त्यांना हात लावला नाही. अब्बाने ते पायरीवर ठेवले, त्याने काठीच्या टोकाने उलटेपालटे केले. "ही साहेबाची चिटोरी हितं चालत न्हाईत."

दोन खणांचं आमचं घर. धनी मयत, म्हणून घर बेवारस. बेवारस घराची किल्ली कुलकर्ण्याच्या कमरेला, आणि आत आढ्यापर्यंत त्याचा कडबा. आम्ही गावाबाहेर पिराच्या तक्क्यात, फकिरांच्या उतरायच्या जागी, पथारी टाकली. आम्हाला ते घर हवं होतं. दुसरं काही नको होतं.

पाचव्या दिवशी कुलकर्ण्याचं बोलावणं आलं.

"या, या पावणं! बसा."

पायरीजवळ घोंगडं अंथरलं होतं. आमच्यासाठी. अब्बाचे डोळे भरून आले. माझं लक्ष बैठकीवरच्या लिहिलेल्या कागदाकडे गेलं. आमच्या कागदाला बोट न लावणाऱ्या माणसाने आमच्यासाठी स्वतःच्या हाताने कागद लिहून ठेवला होता. का?

मोंबासाला आमच्या शेजारी पुण्याकडचा एक शिंपी होता. त्याच्या पेटीत मराठी चोपडी होती, पैशा-दोन पैशांची, शेतकऱ्याला आणि कारागिराला कोण कसं नाडतो ते सांगणारी. त्यावरच मी अक्षरं शिकले. चोपड्यांनी मला एक खोड लावली. कुणी गोड बोललं की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघते.

"तुझा अर्ज मीच तयार केलाय," कुलकर्णी म्हणाला. "तू निशाणी कर. तुझ्या बायकोचीबी लागंल. मग घर तुझं."

आमच्याकडे लिहिता न येणारा माणूस कागदावर आपल्या धंद्याचं हत्यार काढतो. कुणबी नांगर काढतो, सुतार किंकरं म्हणजे पटाशी, आम्ही सुरी. बाईने बांगडी काढायची. ते चित्र म्हणजे तिची सही.

मी पुढे झाले. कागद मोडीत होता. मला छापील बाळबोध येत होतं. मोडी म्हणजे हात न उचलता धावत लिहिलेलं कारकुनी अक्षर. त्यातलं एकही मला कळेना. मी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"अण्णा, ही ओळ वाचा."

तो हसला. "समुद्रापार होतो, सबब गावी गैरहजर."

मग त्याने सगळा अर्ज वाचला. गोड होता. घर परत मिळावं, वगैरे. त्याने दौत पुढे केली, अब्बाच्या हातात लेखणी दिली. मी पुन्हा चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि ही?"

त्याने नीट पाहिलंही नाही. "सदर घर अर्जदाराकडे राहावे."

"मघाशी हितं समुद्र होता," मी म्हणाले.

कुलकर्णी अब्बाकडे वळला. "लेकीला लई शिकवलंस वाटतं."

अब्बाने माझ्यावर हात उगारला. "गप बस! अण्णा, ल्हान हाय ती. चुकलं तिचं." आणि त्याने कागदावर सुरीची मूठ काढली. पातं काढायचं राहिलं होतं. मला त्याचा राग आला. आजही येतो. पण भीती त्याने विकत घेतली नव्हती, ती त्याला जन्मापासून पाजली होती.

तेव्हा अम्माने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

"मी बांगडी काढत न्हाय."

"घर नको काय तुला?"

"घर पायजे. म्हणूनच न्हाय काढत."

अब्बाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने लेखणी खाली ठेवली. "अण्णा, कागद द्या. मलकापुरास्नं वाचून आणतो."

कुलकर्ण्याने कागद ओढला आणि टराटरा फाडला. तुकडे फेकले नाहीत. एकूण एक गोळा केले आणि कमरेला खोचले.

त्यात काय लिहिलं होतं, मला आजही ठाऊक नाही. पण खरा अर्ज कोण फाडतं? आणि फाडून कोण जपून ठेवतं?

घर मिळालं नाही. आत अजून कडबा आहे. अब्बा आता कोल्हापुरात शाहूपुरीच्या बाजारात धार लावतो. मी एका हिवाळ्यात मोडी शिकले, आणि माझ्या हाताने दरबाराला अर्ज लिहिला. पहिलंच वाक्य: माझा बाप जिवंत आहे. उत्तर आलेलं नाही. लोक म्हणतात, महाराजांच्या राज्यात न्याय होईल. होईलही. पण महाराजांचा हुकूम आमच्या गावात पोचल्यावर तो वाचून कोण दाखवणार? तोच.

म्हणून मी वाट बघत बसणार नाही. दर बाजाराच्या दिवशी अब्बाच्या सहाणेशेजारी बसते आणि खेड्यातून आलेल्यांचे कागद मोफत वाचून देते. गेल्या बाजारी उचगावच्या एका म्हातारीला तिच्याच कागदाचा खरा अर्थ सांगितला, तर ती माझ्यावरच चिडली. चिडू दे. तिच्या पोटात संशय शिरला, हे मला पुरेसं आहे.

पण मी एकटी आहे आणि खेडी शेकडो आहेत. तुम्हाला मोडी येत असेल तर उद्याच आपल्या गल्लीतल्या एका बाईला समोर बसवा, आणि तिने कागदावर बांगडी काढण्याआधी तिला तिचं नाव लिहायला आणि वाचायला शिकवा.