कपाटं आवरायला काढली तर

डिंकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पुस्तकं बांधायच्या धंद्यात डिंकाचे हात कधी कोरडे होत नाहीत, आणि त्यातून हा गडी एकदा एखाद्या गोष्टीला चिकटला की सुटायचं नाव घेत नाही, म्हणून अख्ख्या गल्लीने ते ठेवलेलं. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची.

त्यांची वाचायची तऱ्हाही न्यारी. पुस्तक दुरुस्तीला आलं की आधी ते उसवायचं, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, आणि मग शिवता शिवता जो फर्मा हाताला लागेल तो वाचून काढायचा. त्यामुळे जगातल्या पुष्कळ गोष्टी त्यांना मधूनच माहीत असत. खून कोणी केला ते ठाऊक, पण कोणाचा केला ते नाही.

लेकीचं लग्न ठरलं त्याच सुमाराला चर्चच्या म्हाताऱ्या फादरनी तीन जुनी पुस्तकं बांधायला आणून टाकली. एक रोजच्या बोलण्यातल्या फ्रेंचचं, एक अमेरिकेतल्या साध्यासुध्या संसाराचं आणि एक ख्रिस्ती श्रद्धेवरचं. आता योग कसा बघा. जावई अमेरिकेत राहणारा, आणि त्याची आई मूळची फ्रेंच बोलणारी; नवरा गेल्यापासून मुलाच्याच घरी असायची. डिंकरावांना वाटलं, ही पुस्तकं देवानेच आपल्याकडे धाडलीत. "घाई नाही," असं फादर म्हणाले होते, ते त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं.

अमेरिकेच्या पुस्तकाने त्यांची झोपच उडवली. तिकडे म्हणे शेजारीसुद्धा आधी फोन करून येतात, आणि 'कसे आहात' विचारून उत्तराला थांबत नाहीत. पंचाईत अशी की त्यांची लेक आजारी पडली की कोणाला म्हणून सांगत नसे. लहानपणापासूनची खोड. अंगात ताप भरला की ही बया कपाटं आवरायला काढायची, आणि विचारलं तर म्हणायची, "मला कुठे काय झालंय?" कपाट उघडल्याचा आवाज आला की डिंकराव हातातलं काम टाकून तिच्या कपाळाला हात लावायला धावत. आता हे तिकडे कोण करणार? जावई लाख चांगला, पण दिवसभर कामावर. घरात असणार ती विहीणबाईच.

श्रद्धेच्या पुस्तकात लिहिलं होतं, सगळी चिंता देवावर सोपवा.

"सोपवली," डिंकराव बायकोला म्हणाले. "पण घरातल्या एखाद्या माणसालाही सांगून ठेवलेलं बरं."

सांगायचं कसं? इंग्रजी विहीणबाईंचं आणि यांचं, दोघांचंही बाजारापुरतं; भाव विचारायला ठीक, लेक सोपवायला नाही. जावयाला मध्ये घालावं तर लेकीच्या कानावर जाणार, आणि मग ती दार लावून गुपचूप कपाटं आवरणार. तेव्हा फ्रेंचला पर्याय नव्हता. दर रविवारी प्रार्थना संपली की ते उच्चार विचारायला फादरना गाठू लागले. फ्रेंच माणसं उदास वाटलं की 'माझ्याकडे झुरळ आहे' असं म्हणतात, हे त्यांना फार आवडलं. एका संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, तर ती चप्पल घेऊनच उठली.

अडचण एकच होती. पुस्तकाचा पहिला फर्मा वाळवीने खाल्लेला, आणि बोलायची सुरुवात कशी करावी ते सगळं त्यातच. उरलेल्यात डॉक्टरकडे जाणं आणि लाँड्रीवाल्याशी भांडणं, एवढंच धड होतं.

लेकीला कुणकुण लागली. "बाबा, हात जोडते, त्यांच्याशी फ्रेंच बोलू नका. काहीतरी भलतंच बोलाल आणि लोक हसतील."

"हसू देत की," डिंकराव म्हणाले.

लग्नासाठी विहीणबाई दाराशी आल्या तेव्हा लागणारे शब्द नेमके वाळवीने खाल्लेल्या फर्म्यातले. डिंकराव नुसते हसत उभे राहिले. लेकीचा जीव भांड्यात पडला.

लग्न लागलं. जेवणाच्या टेबलावर तरुण मंडळींचं इंग्रजी असं सुसाट सुटलं की विहीणबाई एका टोकाला काट्याने ताटातले वाटाणे इकडून तिकडे करत बसल्या. डिंकराव खुर्ची ओढून शेजारी बसले, घसा खाकरला आणि फ्रेंचमध्ये म्हणाले, "माझी मुलगी आजारी आहे."

विहीणबाईंनी दचकून नवरीकडे पाहिलं. नवरी खो-खो हसत होती.

"आज नाही," डिंकराव घाईघाईने म्हणाले. "आजारी पडते तेव्हा. ती सांगत नाही. कपाट उघडते. सगळं आवरते. मग कपाळ गरम असतं." आणि त्यांनी आपला डिंकाळलेला हात स्वतःच्याच कपाळावर ठेवून दाखवला.

विहीणबाईंनी काटा खाली ठेवला. किती दिवसांनी मुलाशिवाय दुसरं कोणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होतं, आणि तेही असं. त्या भरभर खूप काही बोलल्या, त्यातलं यांना काही म्हणजे काही कळलं नाही. मग त्यांनी तोच हात हातात घेतला आणि हळू, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "कपाट. कपाळ. समजलं." त्यांचे डोळे भरून आले होते. डिंकरावांचेही आले, ते त्यांनी लपवले नाहीत.

लेक गेली. घर रिकामं झालं, पुस्तकं बांधून फादरकडे परत गेली, आणि पुढे एका दुपारी दुकानातला फोन वाजला. विहीणबाई होत्या. यांना कळतील असे, डॉक्टरच्या धड्यात असतात तसले सोपे फ्रेंच शब्द वेचून वेचून सावकाश बोलत होत्या. आज तिने कपाटं आवरायला काढली. मी लगेच हात लावला. ताप नाही. बाबांची आठवण येते म्हणाली. मग आम्ही दोघींनी मिळून आवरलं.

डिंकरावांनी फोन ठेवला. मग उठून कपाटातले ब्रश, दाभण, दोऱ्याची रिळं, सगळं खाली काढलं आणि फडक्याने फळ्या पुसायला लागले.

जेवायला बोलवायला आलेली बायको दारातच थांबली. जवळ येऊन तिने त्यांच्या कपाळाला हात लावला.

"ताप नाही हो तुम्हाला," ती म्हणाली, आणि दुसरं फडकं घेऊन शेजारी पुसायला बसली.