कानगोष्टीतला न

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी मर्सीला खडूवाचून चैन पडत नव्हतं. उमेळे गावातल्या तिच्या घराच्या ओटीवर रोज दुपारी चारला नऊ मुलं जमत. सगळी जवळच्या इमारतींमधली, इंग्रजी शाळेत जाणारी आणि मराठीच्या पेपरात लाल रेघा आणणारी. वह्या भरून शुद्धलेखन येत नाही, हे मर्सीला नोकरी संपता संपता उमगलं होतं. म्हणून ती खेळ घ्यायची. फरशीवर खडूने अक्षरं काढायची आणि मुलांनी शब्दाच्या क्रमाने लंगडी घालायची. पिशवीत हात घालून वस्तू ओळखायची, तिचं नाव फळ्यावर लिहायचं. पण मुलांचा जीव कानगोष्टीवर. गोल बसायचं, टीचरने पहिल्याच्या कानात शब्द सांगायचा, आणि तो कानोकानी शेवटच्याकडे पोचला की त्याने लिहायचा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर या खेळात काहीतरी बिनसलं. मर्सीने 'लोणी' सांगितलं, फळ्यावर 'लोनी' आलं. दुसऱ्या दिवशी 'वेणी'ची 'वेनी' झाली. मुलांची चूक म्हणून तिने सोडून दिलं. मग एक दिवस तिने मुद्दाम 'खिडकी' सांगितलं. शेवटी बसलेल्या फ्लॉईडने उठून लिहिलं, 'पानी'.

मर्सीने एकेकाला विचारलं. कौस्तुभपर्यंत शब्द 'खिडकी'च होता. त्याच्या पलीकडे, ओटीच्या खांबाएवढी जागा सोडून, आर्या बसली होती.

"मी खिडकीच म्हटलं, टीचर," कौस्तुभ म्हणाला.

"मला पानी ऐकू आलं," आर्या म्हणाली. "पण ते कौस्तुभ नव्हता बोलला."

"मग कोण बोललं?"

"एक मुलगी," आर्याने अगदी साधेपणाने सांगितलं. "तिचा आवाज बसलाय."

मर्सीने वर्ग लवकर सोडला. ती मुलगी कोण, ते तिला कळलं होतं.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, तिच्या वर्गात मिठागरावरून येणारी यमुना नावाची मुलगी होती. आठ वर्षांची. एका दुपारी ती उठून म्हणाली, "बाई, पानी प्यायला जाऊ?" वर्ग हसला. मर्सी म्हणाली, "पाणी म्हण, मग जा." यमुनाने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. जीभ वळेना. शाळा सुटेपर्यंत ती तशीच उभी राहिली, तहानलेली. त्यानंतर ती वर्गात एक शब्द बोलली नाही, आणि महिन्याभराने यायचीच थांबली. खरं तर मर्सीची स्वतःची आईही 'पानी'च म्हणायची. 'ण' मर्सीने मोठ्या कष्टाने जिभेवर बसवला होता, आणि तो मूळचा नाही हे उघडं पडेल याची तिला तेव्हा सतत धास्ती असे.

यमुना वारली असणार, असं धरूनच तिने चौकशी केली. पण यमुना जवळच्याच होळी गावात होती. भाजीची वाडी, दोन सुना, चांगला चाललेला संसार. मर्सी गेली तेव्हा ती मेथीच्या जुड्या बांधत होती.

"बाई, तुमी? बसा. पानी देते."

मर्सीने तांब्या घेतला, पण न पिताच बाजूला ठेवला. तिने त्या दुपारची आठवण काढली, माफी मागितली. यमुनाने जुडीची गाठ मारली.

"माझा राग नाय, बाई. मी त्या दिवशी घरी आले. पन ती पोर नाय आली माज्याबरोबर. ती तुमच्या वर्गातच उभी राह्यली. मला तवापासून तसंच वाटतं."

ओटीवर घडलेलं मर्सीने तिला अजून सांगितलं नव्हतं. नंतरही सांगवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मर्सी स्वतः कौस्तुभ आणि आर्याच्या मधे, खांबाला टेकून बसली. पहिल्या मुलीला तिने 'पाणी' शब्द दिला. तो कौस्तुभपर्यंत आला आणि त्याने तिच्या उजव्या कानात सांगितला. ती आर्याकडे वळली, तर आर्या आधीच पुढच्या मुलाच्या कानाशी झुकली होती.

"थांब, मी कुठं सांगितलं अजून?"

"सांगितलं की," आर्या म्हणाली.

मर्सीच्या डाव्या खांद्याला, आर्याच्या अलीकडे, जिथं कुणीच नव्हतं, तिथं ओलसर गारवा लागत होता. ती हलली नाही.

फ्लॉईडने फळ्यावर 'पानी' लिहिलं आणि डस्टर हातात धरून तो वाट बघत राहिला.

"पुसू नको," मर्सी म्हणाली. "बरोबर आहे. शेजारी पाणीही लिही. एक घरचा शब्द, एक शाळेचा. दोन्ही बरोबर."

आता फळ्यावर रोज दोन रकाने असतात. मुलं आजी-आजोबांना फोन करून शब्द आणतात, कुणी कोकणातले, कुणी देशावरचे. कौस्तुभ मात्र खांबाजवळ बसायला तयार होत नाही. आर्या बसते.

परवा आर्याची आई तिला न्यायला आली होती. "टीचर, ही घरी हल्ली पानी, लोनी असं बोलते. आमच्याकडे तर कुणीच तसं बोलत नाही. कुठे शिकली असेल?"

"माझ्याच वर्गात," मर्सी म्हणाली.